बाघच्या चुनखडीतला समुद्र: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरहून धार, मनावर, बाघ या बाजूला मराठी मंडळींची सहल निघाली की मानपूरचा किंवा धारचा रस्ता लागेपर्यंत गप्पा पोह्यांच्या असतात आणि त्यानंतर दगडांच्या. बहुतेक प्रश्न दर वेळी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही दोन ओळींत संपतात.

इंदूरच्या जवळ खरंच समुद्र होता का?

होता. सुमारे नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा खोऱ्याच्या दिशेने आत शिरला होता. गुजरातेतल्या छोटा उदेपूरच्या बाजूपासून धार जिल्ह्यातल्या बाघ, मनावर, जिराबाद, चिराखान या पट्ट्यापर्यंत त्याच्या खुणा दगडांत आहेत. खुद्द राजवाड्याखाली लाटा फुटत होत्या असं मात्र कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इंदूर लाव्हाच्या जाड थरांवर बसलं आहे.

नर्मदा नदी तेव्हा नव्हती. होता तो जमिनीच्या कवचातला एक जुना कमकुवत पट्टा, जिथे भेगा पडून जमीन खचत आली होती. त्याच काळात जगभर समुद्राची पातळी फार वर होती. ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे डोंगर नव्हते आणि महासागरांच्या तळाशी नवे कवच वेगाने तयार होत असल्याने पाणी खंडांवर चढलं होतं. वर चढलेलं पाणी आणि खचलेला पट्टा, दोन्ही एका वेळी जुळून आल्यावर समुद्र आत आला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता आणि मादागास्करपासून वेगळा होण्याच्या बेतात होता.

मग इंदुरात एकही शिंपला का सापडत नाही? पातालपाणीच्या धबधब्याला तर दगडांचे थर स्पष्ट दिसतात.

पातालपाणीच्या कड्यात दिसतात ते लाव्हाचे थर. एकावर एक वाहत आलेला लाव्हा थंड होऊन झालेला काळा बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे बाघचा समुद्र आटून गेल्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी आलेला. त्याने सगळं झाकून टाकलं. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना घाट लागतो तेव्हा आपण त्या लाव्हाच्या जाडीतूनच खाली उतरत असतो. खाली मान नदीच्या आणि बाघणीच्या खोऱ्यात पाण्याने बेसॉल्ट कापून काढला आहे आणि त्याखालची जुनी चुनखडी उघडी पडली आहे. थर दिसले म्हणजे समुद्र, असा नियम नाही. थर कशाचे आहेत ते आधी पाहायचं.

घरातली कोटा फरशी पण चुनखडीच ना? तिच्यात शिंपले का दिसत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. राजेंद्रनगरपासून सुदामानगरपर्यंत जुन्या घरांत हिरवट-निळसर कोटा फरशी असतेच, आणि महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे तिची चुलत बहीण शहाबादी. दोन्ही चुनखडीच. टॉयलेट क्लीनर सांडला की त्या जागी बुडबुडे येतात आणि पांढुरका डाग पडतो, कारण आम्लात चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो. भूशास्त्राचे विद्यार्थी हेच मुद्दाम करतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून.

शिंपले दिसत नाहीत कारण त्या काळी शिंपलेच नव्हते. कोटा फरशी विंध्य समूहाच्या खडकांतली आहे आणि शहाबादी भीमा समूहातली. दोन्ही इतक्या जुन्या की कठीण कवच असलेले प्राणी सर्वदूर पसरण्याआधीच्या. कवचधारी प्राणी मोठ्या संख्येने दिसू लागतात ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून. तरी ही चुनखडी मुकी नाही. कोटाचा दगड सरळ पातळ थरांत फुटतो, म्हणूनच त्याची फरशी होते. इतके सपाट, अखंड आणि बारीक कणांचे थर शांत पाण्यातच बसतात. तळ उकरणारे प्राणीही फारसे नसल्यामुळे ते विस्कटलेले नाहीत. बाघची चुनखडी फरशीसारखी फुटत नाही, कारण तिथला तळ खेकडे-झिंग्यांच्या जातकुळीतल्या प्राण्यांनी पार खणून काढला होता.

चुनखडी तयार कशी होते?

वाळूचा दगड बाहेरून वाहून आलेल्या कणांचा बनतो. चुनखडी बहुतेक करून जागच्या जागी जन्मते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. प्राणी आणि शेवाळं त्यातून आपली कवचं बांधतात, मरतात, कवचं मोडतात, झिजतात, आणि त्यांचा चुरा व चिखल तळाशी साचतो. काही चुना थेट पाण्यातूनही बाहेर पडतो. पुढे कणांच्या मधल्या फटींत कॅल्साइटचे स्फटिक वाढतात आणि सगळं एकजीव होतं.

यात एक अट आहे. नदीचा गाळ फार यायला लागला की पाणी गढूळ होतं, गाळून खाणारे प्राणी गुदमरतात आणि चुनखडी बनणं थांबतं. त्यामुळे वाळूच्या दगडावर चुनखडी आली, एवढ्यावरूनच कळतं की किनारा आणि नदीचं मुख त्या जागेपासून लांब सरकलं.

नुसता दगड पाहून पाणी किती खोल होतं ते कसं सांगता?

मीटरमध्ये खोली सांगणारा कोणी भेटला तर त्याला पुरावा विचारा. दगड खोलीपेक्षा पाण्याची खळबळ जास्त खात्रीने सांगतो. दहापट भिंग घ्या, ताजी फोडलेली बाजू ओली करा आणि एकच गोष्ट शोधा: कवचांच्या तुकड्यांच्या मधली जागा कशाने भरली आहे?

मध्ये चुन्याचा बारीक, दुधट चिखल असेल तर पाणी शांत होतं. लाटा-प्रवाह चिखल धुवून नेण्याइतके जोरकस नव्हते. मध्ये चिखल नसून काचेसारखे चमकणारे स्फटिक असतील, तर तिथे चिखल राहूच शकला नाही, सतत घुसळण होती, आणि रिकाम्या फटी नंतर कॅल्साइटने भरल्या. अमेरिकन भूवैज्ञानिक रॉबर्ट डनहॅमने १९६२ साली चुनखडीचं वर्गीकरण याच तत्त्वावर केलं आणि ते आजही जगभर चालतं: चिखल किती, कण किती, आणि कण एकमेकांना टेकलेत की चिखलात तरंगताहेत. प्रयोगशाळेत हेच काम दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली करतात. त्या जाडीला दगडातून उजेड आरपार जातो.

खोलीचा अंदाज हवा असेल तर बाकीचे साक्षीदार बोलवावे लागतात. चुना साठवणारं हिरवं शेवाळ सापडलं तर उजेड तळापर्यंत पोचत होता. गोल गोल थर चढलेले बारीक दाणे, म्हणजे ऊइड, सापडले तर पाणी काही मीटरच खोल आणि हलतं, आज बहामा बेटांजवळ बनतात तसं. चिखलाला पडलेल्या भेगा दगडात उमटल्या असतील तर तो तळ अधूनमधून उन्हात सुकत होता.

दुसऱ्या टोकाचीही हद्द आहे. साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास खोलीनंतर थंड, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या पाण्यात कवचं विरघळूनच जातात, म्हणून अतिखोल तळावर चुनखडी साचत नाही. बाघला या टोकाचा काही संबंध नाही. तो उथळ समुद्र होता.

आणि खारटपणा? समुद्र होता की खाडी, हे कशावरून?

कोण राहत होतं त्यावरून. समुद्री साळिंदर, म्हणजे काट्यांचे गोल एकिनॉइड, आणि अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी, यांना पुरेपूर खारं पाणीच लागतं. कालवं मात्र खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही मजेत राहतात. थरात कालवांचीच गर्दी आणि बाकी जवळपास कोणी नाही, तर खाडीचा संशय घ्यायचा. साळिंदर आणि अमोनाइट दिसू लागले की उघडा समुद्र आला. एकट्यादुकट्या जीवाश्मावर जाऊ नका, अख्खी वस्ती पाहा. मेलेल्या अमोनाइटचं हवेने भरलेलं कवच तरंगत कुठल्या कुठे जातं.

बाघ भागात खालून वर नेमकं काय काय दिसतं?

एका जागी उभं राहून सगळं दिसत नाही. मनावर, जिराबाद, चिराखान, देवला अशा ठिकाणचे तुकडे जोडावे लागतात. जोडल्यावर क्रम असा लागतो.

सगळ्यांत खाली निमाड वालुकाश्म. याचा खालचा भाग नद्यांचा, त्यात समुद्राचं नाव नाही. वर जाऊ लागलो की भरती-ओहोटीच्या खुणा येतात, कालवांचे थर येतात. बाघच्या प्रसिद्ध लेण्या कोरल्या आहेत त्या वालुकाश्मात, चुनखडीत नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण लेण्यांत शिंपले शोधत फिरणारे हटकून भेटतात.

त्यावर गाठीची चुनखडी. पांढुरकी, बारीक पोताची, पाहताच गाठीगाठींची वाटणारी. या गाठी म्हणजे वाहून आलेले गोटे नाहीत. मऊ चुनेदार चिखलात प्राण्यांनी फांद्याफांद्यांची बिळं केली. बिळात भरलेला चिखल आणि भोवतालचा चिखल वेगवेगळ्या वेळी घट्ट झाले, वरचं ओझं वाढल्यावर मऊ भाग दबला आणि घट्ट भाग गाठ म्हणून उरला. काही ठिकाणी बिळांचं जाळं पृष्ठभागावर स्पष्ट उठून दिसतं, ‘वाय’ अक्षरासारख्या फाट्यांसकट. यातच अमोनाइट आणि इनोसेरॅमस नावाचे मोठे शिंपले मिळतात. चिखल जास्त, कण कमी: शांत, खारा, उघड्या समुद्राशी जोडलेला तळ. समुद्राची सर्वांत मोठी चढाई बहुधा याच थरात नोंदली आहे.

मग देवला-चिराखान मार्ल. मार्ल म्हणजे चुना आणि चिकणमातीची भेसळ. थर पातळ, पण जीवाश्मांच्या बाबतीत सगळ्यांवर मात करणारा. पावसाने भुसभुशीत होऊन झडतो आणि साळिंदर, ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले प्राणी), कालवं सुटी होऊन मातीत पडलेली दिसतात. हा स्वतंत्र थर आहे की गाठीच्या चुनखडीचाच झिजलेला भाग, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. शेतातली मार्ल पाहिली की दुसरी बाजू खरी वाटते आणि ताजा कापलेला थर पाहिला की पहिली. मी अजून पहिल्या बाजूला झुकतो.

सर्वांत वर प्रवाळी चुनखडी. पिवळसर, गुलाबी, कुठे कुठे चक्क तांबडी. हिच्यात चिखल नावालाच, सगळे तुकडेच तुकडे, आणि थरांच्या आत तिरक्या रेघा. तिरक्या रेघा म्हणजे प्रवाहाने ढकलत नेलेल्या कवचांच्या वाळूचे उंचवटे. खालच्या शांत तळाच्या अगदी उलट चित्र: उथळ, जोरदार प्रवाहांचं, स्वच्छ धुतलेलं पाणी.

वाळू, मग चिखल, मग पुन्हा खरबरीत तुकडे. समुद्र आला, स्थिरावला, उथळ होत गेला. ही एका वाक्यातली गोष्ट बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबलात तर दगडातली निम्मी माहिती वाया गेली. ती का, ते पुढच्या एका प्रश्नात येईल.

प्रवाळी चुनखडी म्हणजे तिथे प्रवाळ बेटं होती का?

नाही. नाव एकोणिसाव्या शतकात पडलं आणि चिकटलं. ती मुख्यतः ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांच्या तुकड्यांची आहे. हे प्राणी मिलिमीटरपेक्षाही लहान, वसाहत करून राहणारे. वसाहत फांदीसारखी किंवा पापुद्र्यासारखी वाढते आणि तिच्यावर ओळीने बारीक भोकं असतात, एकेका भोकात एकेक प्राणी. भिंगाखाली तुकडा ओला करून धरला की तो रव्याच्या चाळणीचा तुकडा वाटतो. प्रवाळाच्या कपांत आत चक्राकार पडदे असतात, इथे तसं काही दिसत नाही.

फरक फक्त नावापुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. प्रवाळ बेटं म्हटलं की उबदार, नितळ, पोषकद्रव्यं कमी असलेलं पाणी डोळ्यांपुढे येतं. ब्रायोझोआ पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात, त्यांना खाणं भरपूर लागतं. आजच्या काळात ब्रायोझोआने भरलेला तळ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या थंडसर किनाऱ्याजवळ मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून बाघचा समुद्र थंड होता, असं लगेच म्हणता येत नाही, कारण त्या काळची पृथ्वीच आजपेक्षा बरीच उष्ण होती. पण पाण्यात खाद्य मुबलक होतं आणि ते प्रवाहाने सतत येत होतं, एवढं धरायला हरकत नाही.

दोन थरांच्या मध्ये तांबूस, खडबडीत, भोकं पडलेली फळी दिसते. ती काय?

हाच तो प्रश्न. मंडळी जीवाश्म गोळा करत पुढे जातात आणि या फळीवर पाय देऊन निघून जातात.

तिला कठीण तळ म्हणतात. काही कारणाने तळावर गाळ पडायचा थांबतो. प्रवाह गाळ टिकू देत नाहीत, किंवा गाळ येतच नाही. तळ उघडा पडून राहतो. समुद्राचं पाणी वरच्या काही सेंटीमीटर चिखलात झिरपत राहतं आणि तिथेच कॅल्साइट जमवत राहतं. समुद्र वर असतानाच खाली दगड तयार होतो. मग राहणारे बदलतात. मऊ चिखलात बीळ करणारे निघून जातात, दगडाला चिकटणारी कालवं येतात, दगड पोखरणारे शिंपले आणि किडे येतात. लोहाचा पातळ थर चढतो, म्हणून ती तांबूस.

ओळखायची एक खात्रीची खूण सांगतो. भोकाच्या कडेला नीट पाहा. मऊ चिखलात वाट काढणाऱ्याला शिंपला आडवा आला तर तो वळसा घेतो. दगड पोखरणाऱ्याला चिखल काय आणि शिंपला काय, सगळं सारखंच कठीण, तो शिंपल्यासकट सरळ आरपार जातो. भोकाच्या भिंतीत अर्धा कापलेला शिंपला दिसला, त्याची कड भिंतीबरोबर सपाट असली, की तिथे तळ आधी दगड झाला होता आणि मग पोखरला गेला. गाठीच्या चुनखडीच्या माथ्यावर अशा जागा आहेत. कधी कधी एकाच फळीत दोन्ही प्रकार सापडतात, आधीची वळणारी बिळं आणि त्यांनाच कापत गेलेली नंतरची भोकं. तळहाताएवढ्या जागेत मऊ तळ, मग घट्ट तळ, मग दगडी तळ, असा तीन टप्प्यांचा क्रम.

आता मघाचं वाक्य पुरं करतो. जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडलेला एक नियम आहे: समुद्रतळावर जी वातावरणं शेजारी-शेजारी असतात, तीच किनारा सरकत गेला की एकावर एक थर होऊन येतात. नदीमुख, खाडी, उथळ समुद्र, शांत तळ. बाघचा खालचा अर्धा भाग या नियमाने छान वाचता येतो. पण नियमाला अट आहे की मध्ये खंड नसावा. कठीण तळ हा खंडच. त्याच्या खालचा शांत तळ आणि वरचा खळबळता तळ कधीच शेजारी नव्हते असंही असू शकतं. त्यामुळे थर काय आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किंवा कांकणभर जास्त महत्त्वाचं म्हणजे एक थर संपून दुसरा कसा सुरू होतो: हळूहळू मिसळत, की सुरीने कापल्यागत.

एक मीटर चुनखडी म्हणजे किती वर्षं?

सरळ भागाकार करता येत नाही, पण करून पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्या जागी चुनखडीची एकूण जाडी २० मीटर आहे आणि जीवाश्मांवरून तिचा काळ ५० लाख वर्षांचा ठरतो. सरासरी निघते हजार वर्षांत ०.४ सेंटीमीटर. प्रत्यक्षात अशा समुद्रांत साचण्याचा वेग हजार वर्षांत काही सेंटीमीटर तरी असतो. म्हणजे बहुतेक वेळ काही साचलंच नाही, किंवा साचलेलं वाहून गेलं. तो वेळ त्या बोटभर तांबूस फळ्यांमध्ये गेला आहे.

वय ठरवतात कसं?

मुख्यतः अमोनाइटवरून. हे प्राणी वेगाने बदलत गेले, दूरवर पसरले, त्यामुळे एखादी जात थोड्याच काळापुरती सापडते. बाघच्या गाठीच्या चुनखडीतले अमोनाइट आणि इनोसेरॅमस ट्युरोनियन आणि त्यापुढच्या कोनियासियन काळाकडे बोट दाखवतात. ट्युरोनियन सुरू होतो सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वी.

या थरांचा अभ्यास जुना आहे. कीटिंग नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५६ च्या सुमारास चिराखानला जीवाश्म गोळा केले, भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये तापी आणि खालच्या नर्मदेच्या भागाचं वर्णन छापलं, आणि प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये हे थर वेगळे करून नावं दिली. वर दिलेली नावं मूळची त्यांचीच. पुढे १९०४ मध्ये मयूरभंजातल्या लोहखनिजाबद्दल टाटांना पत्र लिहिणारे ते हेच बोस. जमशेदपूरच्या गोष्टीत त्यांचं नाव येतं, निमाडच्या गोष्टीत मात्र आपल्याकडे कोणी घेत नाही.

बाघला शाळिग्राम मिळतात का?

शाळिग्राम गंडकीचा. हिमालयातल्या काळ्या शेलमधल्या, म्हणजे चिखलाच्या पातळ थरांच्या दगडातल्या गाठी, आत जुरासिक काळाचा अमोनाइट. बाघचे अमोनाइट त्याच मोठ्या कुळातले पण कित्येक कोटी वर्षांनी नंतरचे, आणि फिक्या चुनखडीतले. इथला नेहमीचा म्हणजे प्लासेंटिसेरास: चपटा, कडेला निमुळता, बराचसा गुळगुळीत. देवघरातल्या शाळिग्रामाशी तुलना करून पाहायची असेल तर कवचाच्या आतल्या कप्प्यांच्या नागमोडी शिवणी पाहा, दोन्हीकडे असतात.

हे सगळं प्रलयात वाहून आलेलं नसेल कशावरून?

आमच्या बसमध्ये हे विचारणाऱ्या आजी होत्या आणि त्यांनी फार नेमका विचारला, म्हणून उत्तरही नेमकंच देतो. एका मोठ्या पुराने वाहून आणलेल्या गाळात सगळं एकत्र, एका दमात पडतं. इथे तळ मऊ असताना प्राण्यांनी बिळं केली, तो दगड झाला, त्यावर कालवं चिकटली, वाढली, मेली, त्यांच्या पाठीवर पुन्हा दुसरी चिकटली. एकेका पिढीला आयुष्यभर वेळ मिळालेला आहे. पुरात कोणी घर बांधत नाही.

सगळी चुनखडी समुद्रातलीच असते का?

मुळीच नाही, आणि बाघलाच याचा उत्तम नमुना आहे. समुद्राच्या थरांच्या वर आणि लाव्हाच्या खाली लामेटा नावाचे थर येतात. नाव जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून. त्यांतही चुनखडी आहे, पण जमिनीवरची: ओलसर सखल माती, तळी, डबकी, आणि मातीत चुना जमून झालेला खडक. तिच्यात अमोनाइट किंवा साळिंदर नाहीत, मुळांच्या खुणा आहेत, मातीला पडतात तशा भेगा आहेत. आणि डायनासोरची अंडी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, लांब मानेच्या टायटॅनोसॉर गटाची. त्याच वर्षी पाडल्या गावात शेताच्या आणि गुरांच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले गोल दगड, काकड भैरव, अशीच अंडी असल्याचं समोर आलं.

जमिनीवरची चुनखडी पाहायला एवढं लांबही जायला नको. माळव्याच्या काळ्या मातीत पांढरे वेडेवाकडे खडे निघतात ना, आम्ल टाकलं की फसफसणारे? तेच. पाऊस चुना खाली नेतो, ऊन पाणी उडवतं, चुना मातीत गोळा होतो. समुद्राचा संबंध शून्य. म्हणूनच फसफसलं म्हणजे समुद्र, असं म्हणू नये.

त्या काळच्या पाण्याचं तापमान मोजता येतं का?

तत्त्वतः येतं. कवचातल्या ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं, १६ आणि १८ चं प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं. रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये ही वाट दाखवली. अडचण अशी की कवच पुढे कोट्यवधी वर्षं भूजलात भिजलेलं असतं आणि मूळचा हिशेब बिघडलेला असू शकतो. बाघच्या दगडांवर तर वरून लाव्हाही पसरला. अशा ठिकाणी कवच मूळ अवस्थेत आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पटेपर्यंत आकड्यावर भिस्त ठेवू नये.

मुलांना दाखवायला न्यायचं तर केव्हा आणि काय घेऊन?

पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर. गवत वाळलेलं असतं आणि पावसाने मार्ल नुकतीच धुतलेली असते. उन्हाळ्यात निमाडात जाऊ नका, माळव्याच्या गार संध्याकाळची सवय तिथे कामाला येत नाही. इंदूर ते बाघ रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे पहाटे निघा. दहापट भिंग, पाण्याची फवारणीची बाटली, वही, फूटपट्टी एवढं पुरतं. आम्ल मुलांच्या हातात नको. व्हिनेगरने काम भागतं, फक्त दगडाची थोडी पूड खरवडून तिच्यावर टाकायचं, म्हणजे बुडबुडे नीट दिसतात.

सापडलेला जीवाश्म घरी आणला तर चालेल?

बाघजवळचं डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच्या हद्दीतून काहीही उचलता येत नाही. हद्दीबाहेर शेत कोणाचं तरी असतं, तेव्हा आधी विचारा. आणि परवानगी असली तरी माझं मत उचलू नये असंच आहे. शोकेसमधल्या साळिंदराला थर नसतो. तो गाठीच्या चुनखडीतून आला की मार्लमधून, फळीच्या खालून की वरून, हे हरवलं की तो फक्त गोल दगड. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवा, आणि एक फोटो लांबून, ज्यात खालचा आणि वरचा थरही येईल, असा घ्या. जीवाश्म जसा होता तसा, उलटा असेल तर उलटाच, राहू द्या. शिंपला उलटा पडला आहे की सुलटा, यावरूनही प्रवाहाचा अंदाज येतो: वाहत्या पाण्यात सुटी शिंपली बहुतेक पाठ वर करून स्थिरावते.